मदत हवी आहे: २१४७४८३६४७ च्या विभाजकांविषयीची एक पायरी नववीच्या मुलीला कशी समजावावी?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी गणित शिकवतो. दिवसभर कापूस वेचून रात्री गणिते सोडवणारी माझी नववीची एक विद्यार्थिनी सध्या २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, या संख्येत गुंतली आहे. ही मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज विभाजक नसलेली) असल्याचे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये कळवले होते. वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे असल्याने तिथपर्यंतच भागून पाहावे लागते, हे तिने स्वतःच ओळखले. मूळ विभाजक असलाच तर तो ६२ च्या पटीत १ मिळवून येणारा असणार, हेही फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (मूळ संख्येने भाग न जाणाऱ्या संख्येचा, त्या मूळ संख्येहून एकने कमी असा घात तिने भागल्यास बाकी १ उरते) तिला पटले.

अडचण पुढे आहे. त्याच विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, हे मला वरच्या वर्गांतील सिद्धांताविना सांगता येत नाही. तिने वहीत अशाच रूपाची २०४७ (२ चा ११ वा घात वजा १) = २३ × ८९ मांडून ७ आणि १ या बाक्या पडताळल्या आणि खाली पेन्सिलीने लिहिले, "पण का?"

२ चा ३२ वा घात पूर्ण वर्ग असून त्या विभाजकाने भागल्यास त्याची बाकी २ उरते, इथवर आम्ही पोहोचलो आहोत. यापुढची सिद्धता शालेय बीजगणितात बसेल अशी कोणी पायरीपायरीने लिहून द्याल का?