विषय: गाडीच्या रजिस्ट्रेशनचं स्टिकर अडलंय, जुन्या तिकिटाचं वॉरंट

सुनीता, केटी (ह्यूस्टनजवळ, टेक्सास)

नमस्कार मंडळी,

गाडीचं रजिस्ट्रेशन ऑनलाइन रिन्यू होईना, म्हणून हे काउंटीच्या टॅक्स ऑफिसात गेले. खिडकीवरची बाई म्हणाली, "होल्ड आहे, आधी कोर्टाचं बघा." ह्यांना एका उपनगरात स्पीडिंगचं तिकीट (म्हणजे चलान) मिळालं होतं, घर बदलण्याच्या धांदलीत ते राहून गेलं. गाडी दोघांच्या नावावर आहे, चालवते बहुतेक मीच. दंड ऑनलाइन भरून मोकळं व्हावं का? कोर्टात गेलं तर तिथेच अटक करतात, असं शेजारी घाबरवतायत.

मिलिंद, शुगरलँड

ताई, राग मानू नका. तिकिटावर आपण सही करतो ती गुन्ह्याची कबुली नसते, पण तारखेपर्यंत हजर होईन असा शब्द असतो. तो पाळला नाही की वॉरंट निघणारच. पुण्यात लोक चलान साठवून लोक अदालतीत सूट मिळायची वाट बघतात. इथे गाडी अडवली नाही तर कोण फिरकेल कोर्टाकडे?

अशोककाका

मिलिंद, शब्दाचं तुझं बरोबर आहे. पण अडलं कोण ते बघ. तिकीट नवऱ्याचं, गाडी बायको चालवते. टेक्सासच्या वाहतूक कायद्याचं कलम ७०२.००३ गाडीच्या मालकाकडे बघतं. शहर काउंटीशी किंवा राज्याच्या मोटार वाहन विभागाशी करार करतं, वॉरंट असलेल्यांची माहिती पुरवतं, आणि मग रजिस्ट्रेशन नाकारता येतं. नाकारलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, करार करायची सक्तीही नाही. म्हणून एका गावचं तिकीट गाडी अडवतं, शेजारच्या गावचं अडवत नाही. हा कसला न्याय?

शिवाय रजिस्ट्रेशनची मुदत संपून कामाचे पाच दिवस उलटले की गाडी रस्त्यावर आणणं हाच वेगळा गुन्हा, दंड २०० डॉलरपर्यंत. ज्याच्याकडे पहिल्या दंडाचे पैसे नव्हते त्याने कामावर जायचं कसं, आणि दुसरा भरायचा कुठून? ह्यूस्टनच्या बसचं तर बोलायलाच नको. राज्याने २००३ पासून दंडावर सरचार्ज लावून, न भरणाऱ्यांची लायसन्स अडवून पाहिली. लाखो लायसन्स गेली, बराचसा पैसा आलाच नाही, आणि २०१९ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. रेड लाइट कॅमेऱ्याच्या दंडापायी रजिस्ट्रेशन अडवणंही त्याच वर्षी बंद झालं. या कलमाखालची अडवणूक मात्र चालूच राहिली.

सुनीता, टॅक्स ऑफिसशी वाद घालू नकोस, त्यांच्या हातात काही नाही. ज्या शहराने तिकीट दिलं त्याच्या म्युनिसिपल कोर्टाने कळवलं की होल्ड उठतो. घाईने ऑनलाइन दंड भरू नका. भरला की शिक्षा झाल्याची नोंद होते आणि इन्शुरन्सवाले ती बघतात. आधी 'डेफर्ड डिस्पोझिशन', म्हणजे ठरलेल्या मुदतीत कोर्टाच्या अटी पाळल्या की प्रकरण शिक्षेविना मिटतं ती सोय, मिळेल का विचारा. ते न्यायाधीशांच्या मर्जीवर असतं, पण विचारायला काय जातं? पैशांची अडचण असेल तर हप्ते किंवा समाजसेवेची सोय मागता येते. अटकेचं म्हणाल तर २०१७ च्या सुधारणेनुसार माणूस आपणहून आला आणि प्रकरण मिटवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तर हजर न राहिल्याचं वॉरंट कोर्टाला मागे घ्यावं लागतं. निघताना प्रकरण मिटल्याचा कागद मागून घ्या.

रश्मी, पेअरलँड

काकांच्या मेलला जोड. वॉरंट उठेपर्यंत दादांनी गाडी चालवू नये. पोलिसांनी सहज थांबवलं तरी वॉरंटवर अटक होऊ शकते. तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्मवर अटकेचा प्रश्न असतो, आणि अटक एवढ्याशा कारणाने झाली तरी ती तिथे लिहावी लागते.

मिलिंद

काका, मालकाचा मुद्दा पटला. पण गाडी अडली नसती तर सुनीताताईंना वॉरंटचा पत्ता तरी लागला असता का?

सुनीता

नसता लागला, भाऊजी. सोमवारी कोर्टात जातोय, मी गाडी चालवेन आणि हे शेजारी बसतील. स्टिकर महिनाअखेरपर्यंत चालू आहे.