घरातल्या सशांना दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं का?

गाजरपुडी
नमस्कार मंडळी. ठाण्यात फ्लॅटमध्ये दोन ससे आहेत, दोघंही दीड वर्षांचे. नर (खच्ची केलेला) १.८ किलो, मादी २.१ किलो. खाणं म्हणजे वाळलेलं गवत, कोथिंबीर, मेथी आणि आठवड्यातून तीनदा मंडईतली लसूण घास. दुकानदार म्हणतो, कुत्र्यासारखंच यांनाही दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. शेजारच्या काकू म्हणतात, मेडिकलमधली अल्बेंडाझोलची ४०० ची गोळी चतकोर द्या, पोरांना देतोच की. दोघांच्या लेंड्या गोल आणि कोरड्या, खाणं व्यवस्थित. पण काल मादीच्या एका लेंडीवर पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसलं. किती वेळा द्यायचं, कोणतं आणि किती?

आंधळं_आतडं
चतकोर गोळी अजिबात नको. ४०० चा चतकोर म्हणजे १०० मिलिग्रॅम. १.८ किलोच्या नराला ते किलोमागे ५५ मिलिग्रॅम होतात. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या एकाच गटातल्या औषधांनी सशाच्या हाडांच्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी तयार होणं मंदावल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यात अल्बेंडाझोल जास्त बदनाम. हिरड्या पांढऱ्या पडणं, कातडीखाली रक्त साकळणं, खाणं सोडणं अशी लक्षणं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पोरांचा हिशेब सशाला लावू नये.

आता दोरा. तो बहुधा पॅसालुरस, म्हणजे सशाचा सुतकृमी. मादी जंत साधारण ८ ते १२ मिलिमीटर, नर त्याच्या निम्म्याहून लहान. राहतो आंधळ्या आतड्यात. ससा आपल्याच मऊ लेंड्या गुदद्वाराला तोंड लावून खातो, त्यामुळे तिथे चिकटलेली अंडी पुन्हा पोटात जातात आणि चक्र चालू राहतं. मोठ्या, धडधाकट सशाला याचा फारसा त्रास होत नाही. संख्या फार वाढली तर बूड खाजवणं, वजन न वाढणं असं दिसतं. माणसाला हा होत नाही, घरातल्या पोरांची काळजी नको.

म्हणून फ्लॅटमधल्या सशाला वेळापत्रक लावून जंतनाशक देण्याची गरज नाही. वर्षातून एकदा किंवा दोनदा लेंड्या तपासा आणि जे सापडेल त्यावरच औषध द्या. नवीन ससा आणला तर त्याची तपासणी आधी, ओळखपाळख नंतर.

एक मात्र आजच बघा: शेपटीखालचे केस बाजूला करून. लेंडीवरचा बारीक दोरा म्हणजे जंत. पण ओल्या, घाण लागलेल्या केसांत जाडसर पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर त्या माशीच्या. पावसाळ्यात हे हटकून होतं. अळ्या काही तासांत कातडी पोखरतात, तेव्हा उद्याची वाट न बघता त्याच क्षणी डॉक्टर गाठा.

शेड_नंबर_दोन
वरच्या उत्तराशी सहमत, पण पिल्लांचा हिशेब निराळा. दूध तुटण्याच्या सुमारास, म्हणजे ४ ते १२ आठवड्यांत, पिल्लं जातात ती बहुतेक कॉक्सिडियाने. हा जंत नाही, आयमेरिया नावाचा एकपेशी परजीवी आहे. त्यावर फेनबेंडाझोल किंवा पायपराझिन कितीही ओता, उपयोग शून्य. त्याला सल्फा गटातली औषधं किंवा टोल्ट्राझुरिल लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवून. पोट फुगलेलं, पातळ संडास, वजन घटतंय आणि मालक म्हणतोय "जंताचं औषध दिलंय की", हे चित्र नेहमीचं.

लेंड्या लॅबला देताना १०-१२ ताज्या लेंड्या कोरड्या डबीत घ्या, लघवीत भिजलेल्या नकोत. लगेच देता आल्या नाहीत तर फ्रिजमध्ये ठेवा, पण २४ तासांच्या आत पोचवा. डबीवर "ससा" असं ठळक लिहा. सशाच्या आतड्यात एक निरुपद्रवी यीस्ट असतं, ते सवय नसलेल्या माणसाला कॉक्सिडियासारखं दिसतं आणि रिपोर्ट चुकतो.

सुतकृमीची अंडी लेंडीत कमी आणि गुदद्वाराभोवती जास्त सापडतात. म्हणून सकाळी पारदर्शक सेलोटेपचा तुकडा तिथे दाबा, तो काचपट्टीवर चिकटवा आणि तीही द्या. एका बाजूने चपटी, लांबट अंडी दिसली की निदान पक्कं.

आणि मंडईची घास. मोकाट कुत्री जिथे फिरतात तिथून ती आली असेल, तर कुत्र्याच्या विष्ठेतली फीतकृमीची अंडी सशाच्या पोटात जातात आणि यकृतावर, पोटाच्या पडद्यावर पाण्याचे लहान फोड धरतात. सशाला जंतनाशक देऊन ते रोखता येत नाहीत. घास धुवून निथळून द्या. त्याने अंडी कमी होतील, पूर्ण जाणार नाहीत. खात्रीची जागा माहीत असेल तिथूनच घ्या. घरात कुत्रा असेल तर जंताचं औषध त्याला नियमित द्यायचं.

ओला_स्वेटर
इथे लंडनमध्ये सशांसाठी फेनबेंडाझोलची पेस्ट मिळते, सलग ९ दिवस द्यायची. दुकानदाराचं "दर तीन महिन्यांनी" तिथूनच आलं असावं, पण त्या ९ दिवसांचा खरा रोख जंतांवर नाही, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युलाय या सूक्ष्म परजीवीवर आहे. तो लघवीतून पसरतो, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांत जातो. मान वाकडी होणं, मागचे पाय लुळे पडणं, मोतीबिंदू ही त्याची लक्षणं. लक्षणं आली तर मात्रा तीच, किलोमागे २० मिलिग्रॅम, पण २८ दिवस.

बाहेरच्या सशांशी संबंध नसलेल्या जोडीला हा कोर्स वर्षातून चारदा करून काय मिळवायचं? रक्तपेशींचा धोका वर सांगितलाच आहे. नवीन ससा येणार असेल, किंवा एकाची मान वाकडी झाली आणि दुसरा त्याच्याच सोबत राहतो, अशा वेळी डॉक्टरांशी बोलून द्यावा.

गाजरपुडी
अळ्या नाहीत, केस कोरडे आहेत. सेलोटेपवर चपट्या बाजूची अंडी सापडली, मादीच्या. नराच्या नाहीत. डॉक्टरांनी फेनबेंडाझोल किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, ५ दिवस सांगितलं. दुकानातली बाटली २.५ टक्क्यांची आहे. मिलिलिटर किती? नरालाही द्यायचं?

आंधळं_आतडं
दोघांनाही द्या, एकाच फरशीवर हगतात ना. २.५ टक्के म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. नराला ३६ मिलिग्रॅम, म्हणजे १.४ मिलि, मादीला ४२, म्हणजे १.७ मिलि. १० टक्क्यांची बाटली हातात आली तर हेच आकडे ०.३६ आणि ०.४२ होतात. टक्केवारी न वाचता मिलिलिटर उतरवून घेतले की चौपट मात्रा जाते, म्हणून बाटली बदलली की गणित पुन्हा करा. वजन आजचंच घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीत बसवून.

हे औषध पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, नाहीतर पहिल्या दिवशी पाणी आणि पाचव्या दिवशी गाळ. सुई काढलेली २ मिलिची सिरिंज घ्या. ससा टॉवेलात गुंडाळून चार पायांवरच ठेवा, उताणा करू नका. पुढच्या दातांमागे बाजूला मोकळी जागा असते, तिथून टोक आत घालून पाव-पाव मिलि सोडा आणि प्रत्येक वेळी चावून गिळू द्या. एकदम ढकललं तर श्वासनलिकेत जातं. उपाशी ठेवायचं नाही. सशाचं पोट चालू राहायलाच हवं. औषधाच्या दिवसांत कधीही १२ तास खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे.

पाचही दिवस लेंड्या रोज उचला, ट्रेमधलं अंथरूण बदला, ट्रे उकळत्या पाण्याने धुवा, गवत जमिनीवर न टाकता जाळीत लावा.

शेड_नंबर_दोन
घाईत दुकानदाराने पिसवांसाठी फिप्रोनिलचे थेंब गळ्यात मारले तर ते सशाला लावू नका, जीव जातो. आणि आयव्हरमेक्टिन खरजेसाठी ठीक, या सुतकृमीवर भरवशाचं नाही.

गाजरपुडी
औषध लागलं की नाही हे कधी कळणार?

आंधळं_आतडं
कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी दोघांचीही सेलोटेप पुन्हा करा, तेव्हा औषध लागू पडलं का ते कळेल. गिळलेल्या अंड्यातून जंत मोठा होऊन स्वतः अंडी घालायला सुमारे दोन महिने घेतो. त्यामुळे तिसरी टेप अडीच महिन्यांनी करा. त्यावर अंडी निघाली तर औषधाला दोष देऊ नका, ट्रे आणि फरशी नीट धुतली गेली नाही.