बोअरची जागा दाखवायला पाणाडी नको म्हटलं की लगेच "मन मोकळं ठेव". हे मोकळं मन नक्की कुणी ठेवायचं?

धुरळा:
गावाकडे नवीन बोअर घ्यायचं चाललंय, जुन्याचं पाणी फेब्रुवारीतच तुटायला लागलंय. मी म्हटलं आधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी बघू, भूजल सर्वेक्षणवाल्यांना विचारू. तर चुलते म्हणाले, पाणाडी बोलवू, तो नारळावर पाण्याची जागा दाखवतो; शिकलेली पोरं लई बंद डोक्याची, माणसाने मन मोकळं ठेवावं. बरं, ठेवलं. पाणाडी आला आणि मी दिवसभर त्याच्यामागे हिंडलो. तळहातावर नारळ आडवा, शेंडी बोटांकडे, डोळे अर्धवट मिटलेले, ठराविक जागी आला की नारळ हळूहळू उभा राहतो, घरातले हात जोडतात, चुलतभाऊ रील काढतो. मी अगदी जवळून बघत होतो, नारळ हलायच्या आधी दरवेळी त्याची बोटं किंचित वर यायची. तो फसवतोय असं मला वाटलं नाही हां, त्याचं त्यालाही कळत नसावं. दुबेळकी फांदी धरून पाणी शोधणाऱ्यांचंही तेच असतं, दोन टोकं ताणून धरली की मनगट जरासं वळलं तरी फांदी उसळी मारते.

मग मी पाणाड्याला एवढंच म्हटलं, काका, आता डोळ्याला पंचा बांधू, दोन-चार गिरक्या देऊन सोडू, परत त्याच खुणेवर नारळ उभा राहिला तर बोअरचा सगळा खर्च माझा. तर म्हणे परीक्षा घेतली की विद्या जाते! आणि घरचे सगळे माझ्यावरच तुटून पडले, पाहुण्याचा अपमान केला म्हणून.

आता सांगा बंद डोकं कुणाचं? मोकळं मन म्हणणाऱ्याने आधी सांगायला नको का की काय झालं तर माझं मत बदलेल? मी तर पैशासकट सांगितलं होतं.

बांधावरचा:
भाऊ तू पैज लावलीस आणि तिला मोकळं मन म्हणतोयस. साठीच्या माणसाला त्याच्या पंचक्रोशीत डोळे बांधून फिरवायचं, वर दहा जणांसमोर, मी असतो तर मीही नाही म्हटलं असतं. आणि एक सांग, बोअरला लाखाच्या घरात जातात, पाणाडी घेतो नारळ, शर्टपीस आणि वर हजार-दोन हजार. तेवढ्यात घरातल्या पाच भावांचं एका जागेवर एकमत होतं, नाहीतर प्रत्येकाला बोअर आपल्या वाटणीत पाहिजे असतं. हे काम तुझं भूजल खातं करून देणार आहे का? आमच्या दोन्ही बोअरला पाणाड्यानेच जागा दाखवली, दोन्हीला पाणी आहे, विषय संपला.

मुरमाड:
@बांधावरचा विषय नाही संपत दादा. मी रिगवर, म्हणजे बोअर मारायच्या गाडीवर, कामाला होतो, तमिळनाडूच्या गाड्या येतात ना त्यातल्याच एकीवर. फेल गेलेल्या बोअरजवळ कुणी हार घालून फोटो काढत नाही. १५० फुटाला पाणी लागलं की पाणाडी भारी, २५० ला पण कोरडं तर "अजून खाली जा, झरा तिरपा गेलाय", ३५० ला पण धुरळाच तर म्हणे गाडीवाल्याने खुणेपासून हातभर बाजूला मारलं. पाणाडी चुकलाय असं एकदा तरी कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं, नाही ऐकलं. आम्हाला काय, फुटावर पैसे, आम्ही खूशच.

सह्यसडा:
थोडं खडकाबद्दल, कारण अर्धी गंमत तिथेच आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. वाळूत मुरतं तसं पाणी त्याच्या अंगात मुरत नाही, ते वरच्या मुरमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात साठतं. भेग सापडली तर पाणी, तिच्यापासून दहा पावलं सरकलात तर कोरडं. म्हणून शेजाऱ्याला लागतं आणि आपल्याला लागत नाही. नशिबावर विश्वास बसायला याहून चांगली जमीन मिळणार नाही. बरं, ओढ्याजवळ, सखल भागात, मुरूम जाड असेल तिथे पाणी लागायची शक्यता मुळातच जास्त. अनुभवी पाणाडी नेमका तिकडेच वळतो की नाही ते बघा. त्याची नजर तयार असते, श्रेय मात्र नारळाला जातं.

वारूळ:
चला म्हणजे नजर तयार असते हे तरी मान्य झालं. आपल्याकडे वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूजलावर अख्खा अध्याय लिहिलाय, कोणतं झाड, त्याच्या कुठल्या दिशेला वारूळ, मग किती पुरुष (माणसाच्या उंचीवरचं माप) खोल पाणी, माती कुठल्या रंगाची लागेल इथपर्यंत. ते सगळं अंधश्रद्धा म्हणून उडवायचं आणि पाणी शोधायचं परदेशातलं मशीन आलं की माना डोलवायच्या. मशीनवाला पण चार खुंट्या ठोकतो, वायर जोडतो, आकडे बघतो आणि सांगतो ३०० फूट. आमच्याकडे त्याच्या खुणेवर मारलेलं बोअर ठणठणीत कोरडं गेलं. त्याचे डोळे कुणी बांधले नाहीत!

धुरळा:
@वारूळ वराहमिहिराला कोण उडवतंय? उलट झाड, वारूळ, माती ही डोळ्याने बघायची खूण आहे, दुसरा माणूस जाऊन तपासू शकतो. नारळात तसं काय आहे? मी पाणाड्याला विचारलं तुम्हाला हे कसं जमतं, तर म्हणाला मी पायाळू, जन्मताना पाय आधी आले. आता यात तपासू काय, त्याच्या आईला विचारू?

मशीनचं म्हणाल तर तुमचं एकदम बरोबर, मीटर फक्त जमिनीतून वीज किती अडखळत जाते ते दाखवतं, पाणी आहे हा अंदाज माणसाचा, आणि तो चुकतो. त्यालाही तोच नियम लावा, माझी काही ना नाही.

पाचोळा:
इथे २००८ ची पुण्याची ज्योतिषांची चाचणी आठवते. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी घेतलेली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० द्यायच्या आणि विचारायचं ही कुठल्या गटातली. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं आली २७ जणांची, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० येतात. पण माझ्या लक्षात राहिले ते हे २७ जण. चुकले तर चुकले, पण उत्तरं लिहून पाठवली. मोकळं मन म्हणायचं तर मी त्यांना म्हणेन, "विद्या जाते" वाल्यांना नाही.

बांधावरचा:
आलं का दाभोलकर! दाभोलकरांबद्दल आदर आहे, पण ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते आयुष्यभर भांडले, तो २०१३ चा कायदा नीट वाचा. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्र, आणि पाणाड्याने पाण्याबद्दल दिलेला सल्ला, हे सगळं त्यातून वगळलंय. कायद्याला चालतं ते तुम्हाला चालत नाही.

पाचोळा:
चालतं म्हणजे गुन्हा नाही एवढंच. खरं आहे असं कायद्याने कुठे म्हटलंय? कायदाच काढलात तर अजून एक घ्या, भूजल कायद्यात ६० मीटर म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली शेतीसाठी विहीर किंवा बोअर घ्यायला बंदी आहे. तुमचे पाणाडी ४०० सांगतात, तेव्हा बरं कुणाला कायदा आठवत नाही.

माहेरवाशीण:
सगळे पुरुषच बोलताय म्हणून लिहिते. आमच्याकडे पाणाडी आला तेव्हा मला रानात येऊ दिलं नाही, कारण "अडचण" होती, म्हणे नारळ फिरायचा नाही. घागर कुणाच्या डोक्यावर असते, टँकर आला की रांगेत कोण पळतं? जागा ठरवताना मात्र आम्ही घरात. आणि @धुरळा, तुम्ही तरी पैज लावायच्या आधी आईला विचारलं का कुठल्या बांधाला शेवाळ टिकतं, कुठे उन्हाळ्यातही गवत हिरवं असतं? रोज तिकडे तीच जात असेल ना. नारळवाल्याला आणि मशीनवाल्याला विचारून झालं की मोकळं मन तिथेच संपतं तुम्हा लोकांचं.

धुरळा:
ताई, नाही विचारलं. काल रात्री फोनवर विचारलं, म्हणाली खालच्या बांधाला करंजाच्या अंगाला. पाणाड्याची खूण वरच्या तुकड्यात आहे, बरोबर चुलत्यांच्या वाटणीत. योगायोग समजा.

कोपरखळी:
मी दोन्ही बाजूंनी नाही. पण हे रील प्रकरण मला जास्त खटकतं. पूर्वी पाणाडी गावातलाच असायचा, चुकला तर लोक तोंडावर बोलायचे, पुढच्या वेळी बोलवायचे नाहीत. आता नारळ उभा राहिलेला व्हिडिओ, मागे ढोल-ताशा, खाली फोन नंबर आणि माणूस तीन जिल्हे फिरतो. आम्ही रात्री जेवताना करमणूक म्हणून बघतो, हसतो, आणि बोअर घ्यायची वेळ आली की तोच नंबर लावतो. मीही बघतो, बघायला भारी वाटतं हे खरंय.

मुरमाड:
कामाचं बोला आता. @धुरळा जागा कुठलीही धरा पण गाडी येण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या, किती फुटाला थांबायचं ते आणि केसिंगचा, म्हणजे बोअरमध्ये घालायच्या पाइपचा, दर. खाली खडखडाट झाला की माणसाचं डोकं चालत नाही, अजून पन्नास, अजून पन्नास करत शेतकरी कर्जात जातो, हे मी गाडीवरून बघितलंय. थांबायचा आकडा वडिलांकडून आधीच वदवून घ्या, सगळ्यांसमोर.

बांधावरचा:
@मुरमाड हे मात्र पटलं. पण पाणाड्याला मी बोलावणारच.

वारूळ:
आणि मशीनवाल्याकडून लिहून घ्या, फेल गेलं तर फी परत.

मुरमाड:
असं लिहून देणारा कुणी भेटला तर इथे टाका, अख्ख्या तालुक्याची कामं त्याला देतो.