रि: रि: कळव्याच्या शाळेची यादी – 'दऱ्या' शोधलं की शून्य पुस्तकं

ग्रंथालय उपसमिती:
नमस्कार मंडळी,
कळव्याहून बाईंचा निरोप आहे. आपण सगळ्यांनी मिळून टंकलेली यादी कोहात (ग्रंथालयाच्या संगणक-प्रणालीत) चढली, पण मुलांनी 'दऱ्या' टाकलं की काही येत नाही. पुस्तक समोरच्या कपाटात आहे! सगळं पुन्हा टंकायचं का? शनिवारच्या बैठकीआधी सांगा.

यादीचं काम पाहणारा:
पुन्हा टंकू नका. 'ऱ्या' आपण दोन तऱ्हांनी लिहिलाय. काहींनी र, हलन्त, मग न दिसणारा जोडक (यूनिकोड २००डी) आणि य. काहींनी टिंबाचा ऱ, हलन्त, य. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण शोधताना संगणक ते वेगळे धरतो. 'ॲ'चंही तसंच: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र.

मूळ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा. यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत निवडा आणि दाखलअंकाचा (प्रत्येक प्रतीच्या नोंदणी क्रमांकाचा) स्तंभ 'मजकूर' ठेवा, नाहीतर ००१२३ चे १२३ होतात. 'शोधा आणि बदला'त र-हलन्त-जोडक या तिन्हींच्या जागी ऱ-हलन्त घाला. नुसता जोडक कधीही पुसू नका. तो गेला की रफार चढतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरांचं पुस्तक समुद्रात जातं.

मग मार्कएडिट या प्रणालीतून मार्क फाइल (ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला साचा) करा, कोहातली जुनी आयात मागे घ्या, नवी चढवा. झेब्राची (कोहातल्या शोधयंत्राची) अनुक्रमणी आयसीयूवर, म्हणजे यूनिकोड समजणाऱ्या नियमांवर आहे ना, तेही पाहा. नसेल तर बदलून पूर्ण नव्याने बांधा. हे सगळं पुस्तकं मुलांना देण्याआधी, कारण दिलेली प्रत आयात मागे घेताना निघत नाही.

खजिनदार:
एवढी यातायात कशाला? नावं रोमनमध्ये घाला. आणि टॅब्लेटचा ठराव गेल्या सभेत मंजूर झालाय, तो मध्येच अडवू नये.

शाळेच्या ग्रंथपाल बाई (कळवा):
खजिनदारकाका, रोमनमध्ये 'दर्या' आणि 'दऱ्या' एकच होतात, अडचण तिथेच राहते. शिवाय १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय असलेल्या ठाण्यात मुलाला मराठी पुस्तक मराठीतच सापडायला हवं. मुलं घाईत 'दर्या'च टंकतात, म्हणून त्या पुस्तकाच्या मार्क नोंदीत २४६ क्षेत्रात (शीर्षकाच्या इतर रूपांच्या रकान्यात) हे रूपही द्या. मूळ शीर्षक २४५ मध्ये शुद्धच राहू दे.

टॅब्लेटपेक्षा आधी दोन स्कॅनर हवेत. तास ३५ मिनिटांचा, मुलं ४०. दाखलअंक हाताने टंकले तर पुस्तकं बदलण्यातच तास संपतो. स्कॅनर लावताना एक सांभाळावं लागतं: तो संगणकाला कळफलकच वाटतो. आपले बारकोड 'टी'ने सुरू होतात. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिला तर त्या 'टी'चा 'ऊ' उमटतो आणि 'प्रत सापडली नाही' येतं. स्कॅन करण्याआधी इंग्रजी कळफलक, शीर्षक शोधताना मराठी. टेबलावर हे मोठ्या अक्षरात चिकटवलंय.

जुन्या समितीतून:
२४६ वरून आठवलं. कादंबऱ्यांना ८९१.४६३ हा ड्यूई क्रमांक (विषयवार वर्गीकरणाचा) दिलाय, पण पाचवीच्या मुलाला तो कसा कळणार? पाठीवर रंगाची पट्टी लावा.

शाळेच्या ग्रंथपाल बाई (कळवा):
पट्टी लावते, पण क्रमांकाच्या वर. क्रमांक झाकला तर कपाट लावता येत नाही.

खजिनदार:
स्कॅनर दोन मंजूर. टॅब्लेट एकच घेऊ, त्यात किविक्सवर (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणाऱ्या ॲपवर) मराठी विकिपीडिया उतरवून, म्हणजे इंटरनेट गेलं तरी प्रकल्पाचं काम अडत नाही. पण बदललेली फाइल कोणी चढवायची, हे आधी ठरवा.

यादीचं काम पाहणारा:
मी चढवतो. शुक्रवार रात्रीपर्यंत कोणीही मूळ फाइलला हात लावू नका, एक्सेलमध्ये तर उघडूही नका. नावाच्या शेवटी 'ऱ-एक' असलेली तीच खरी.