'बघून काढणे', वस्तुचित्र आणि स्थिरचित्र

विचारणा

मुलगी यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसते आहे. घरी सराव करून घेताना दोन ठिकाणी अडतंय. तिच्या परीक्षेत 'वस्तुचित्र' आहे, पुढे इंटरमिजिएटला 'स्थिरचित्र'. दोन्ही एकच का? दुसरं असं की, 'समोरचा तांब्या बघून काढ' म्हटलं की ती म्हणते, 'बाबा, बघून काढलेलं बाईंना चालत नाही.' मग या कामाला म्हणायचं तरी काय?

प्रतिसाद

मुलीचं बरोबर आहे. शाळेत 'बघून काढलं' म्हणजे पुस्तकातलं किंवा शेजारच्याचं चित्र पाहून उतरवलं. त्याच्या उलट 'मनाने काढलं', आणि शाबासकी त्यालाच. या जोडीत समोर वस्तू ठेवून काढणाऱ्याला जागाच उरत नाही. मी चित्रकला शिकवते आणि वर्गात 'समोर ठेवून काढा' असंच म्हणते. 'निरीक्षणातून रेखाटन' हा शब्द छापायला ठीक आहे, पण 'समोर ठेवून'मध्ये वस्तूही येते आणि काढणारा तिच्यासमोर कुठे बसलाय तेही.

खरी अडचण पुढेच आहे. वस्तू समोर ठेवूनही मुलं बराच वेळ मनानेच काढत असतात. तुमच्या तांब्याचंच घ्या. तोंड गोल असतं हे माहीत असतं, म्हणून ते चांगलं गरगरीत गोल येतं. बूड टेबलावर टेकलेलं आहे हेही माहीत असतं, म्हणून खाली सरळ रेघ. डोळ्याला दिसतं ते वेगळंच. तांब्या नजरेच्या पातळीखाली ठेवला असेल तर तोंडाचं लंबवर्तुळ होतं, आणि बूड नजरेपासून आणखी खाली असल्यामुळे त्याची कड रुंदीच्या मानाने तोंडापेक्षाही जास्त गोलाईने खाली उतरते. मुलीला तोच तांब्या हळूहळू डोळ्यांसमोर उचलून धरायला सांगा. तोंड चपटं होत होत शेवटी नुसती आडवी रेघ उरेल. एकदा हे पाहिलं की बुडाची सरळ रेघ तिची तीच खोडेल. आणखी एक: लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोकं काढू देऊ नका, तिथेही वळणच असतं.

वस्तुचित्र आणि स्थिरचित्र यांत मी फरक करते. वस्तुचित्रात भर वस्तूचा आकार, प्रमाण आणि घडण यांवर. स्थिरचित्रात मांडणी आली: मागचं कापड, त्याच्या चुण्या, कोणती वस्तू कोणाच्या आड गेली आहे, दोन वस्तूंमधली रिकामी जागा केवढी.

प्रतिसाद

'स्थिरचित्र' मला पटत नाही. सिनेमा आणि छायाचित्रणात हाच शब्द चलच्चित्राच्या उलट अर्थाने रुळलाय. शिवाय स्थिर असतात त्या वस्तू. चित्र तर कुठलंही स्थिरच. 'स्थिरवस्तुचित्र' लांबलचक असलं तरी अर्थाला धरून आहे.

प्रतिसाद

व्युत्पत्तीने तुमचं म्हणणं खरं, पण हा शब्द परीक्षेच्या वेळापत्रकात, रंगपेटीच्या दुकानात, पालकांच्या तोंडी बसलाय. युरोपातही नावं काही एकसारखी नाहीत. डच भाषेत 'स्टिललेव्हन' म्हणजे 'निश्चल जीवन', तर फ्रेंचमध्ये 'नात्यूर मोर्त', म्हणजे 'मृत निसर्ग'. त्यापेक्षा आपला 'वस्तु' शब्द मला जास्त मोकळा वाटतो.

विचारणा

ताई, बुडाचं एकदम जमलं. आता सावलीचा घोळ. ती तांब्याची अंधारी बाजू आणि टेबलावरचा काळा पट्टा एकाच जोराने गिरवते.

प्रतिसाद

बोलीत दोन्हीला आपण 'सावली'च म्हणतो, त्याचा हा परिणाम. चित्रकलेत दोन शब्द वेगळे ठेवा. वस्तूच्याच अंगावर, उजेड पोचत नाही तिथे असते ती छाया. वस्तूमुळे दुसरीकडे पडते ती पडछाया. पडछाया बुडाला लागून सर्वांत गडद आणि तिची कड रेखीव. लांब जावी तशी कड मऊ होते. छायेचं तसं नाही. तांब्याच्या अगदी काठाशी टेबलावरून उलटा आलेला उजेड लागतो, त्यामुळे सर्वांत गडद पट्टा कडेला नसून थोडा आत असतो. हा परावर्तित उजेड उजळ बाजूपेक्षा मात्र नेहमी मंदच ठेवायचा. तो पट्टा सापडला की चित्राला 'उठाव' येतो. बाजारात मालाला उठाव असतो तो वेगळा. इथे उठाव म्हणजे वस्तू कागदावरून पुढे आल्यासारखी दिसणं.

सरावाला स्टीलचा तांब्या नको. त्यात अख्खी खोली दिसते, आणि मुलं छाया सोडून चकाकीच काढत बसतात. मातीचं मडकं घ्या, खिडकी एकाच बाजूला असू द्या आणि वरचा दिवा बंद करा, म्हणजे पडछाया एकच पडेल. पेन्सिल २बी पुरे. ६बी शेवटी, फक्त बुडाजवळच्या त्या गडद जागेसाठी.