रायनगरहून एमआयडीसीला: सायकलचा रस्ता आधी की बसच्या फेऱ्या?

जॉबर_साखरपेठ

डिसेंबरात एका सकाळी पावणेसातला सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावर होतो. माझ्यापुढे एक जण सायकलवर, कॅरिअरला डबा बांधलेला, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून नीट चालला होता. पुढे पट्टीवरच एक टेम्पो उभा. मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. उजवीकडे सरकायला जागा नाही, म्हणून तो डावीकडे मुरमात उतरला. डांबराची कड आणि मुरूम यांत चार बोटांची उंची असेल. पुढचं चाक कडेला घासलं, हँडल फिरलं आणि माणूस खाली. लागलं फारसं नाही, पण डबा उघडून भाकऱ्या मुरमात पडल्या. त्यानं भाकरी उचलली, फुंकली, परत डब्यात ठेवली आणि निघाला. थांबला असता तर कामाची पाळी चुकली असती.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. शहराबाहेर कुंभारीत रायनगर ही कामगारांची वसाहत उभी राहिली. मंजूर घरं 30 हजार. त्यांतल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. शेजारी गोदूताई परुळेकर नगर आहेच, विडी कामगार बायकांची 10 हजार घरं, 2006 ची. म्हणजे एका अंगाला चांगलं गाव वसलं, आणि सगळं कष्टकऱ्यांचं: विडी, यंत्रमाग, शिलाई, फेरीवाले, हमाल. यातल्या यंत्रमागवाल्यांना शहरात यावंही लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसी शहराच्या अलीकडेच लागते. सपाट रस्ता, ना चढ ना घाट. सायकलसाठी याहून सोपं अंतर कुठलं?

माझं मागणं एवढंच आहे. वसाहतीपासून एमआयडीसीपर्यंत रस्त्याच्या एकाच बाजूनं, येण्या-जाण्याला दोन्ही, स्वतंत्र सायकल रस्ता हवा. एकाच बाजूनं का, ते सांगतो. रस्ता चौपदरी झाल्यापासून पलीकडे जायला दुभाजकाची पुढची फट गाठावी लागते. पायानं चाक फिरवणारा माणूस तेवढा वळसा घेत नाही, तो उलट्या बाजूनं येतो. त्याला शिव्या घालून काही होणार नाही. तो येतो त्याच बाजूला त्याला रस्ता द्या.

तलावाभोवती फेरी मारायला ट्रॅक करा म्हणणारे पुष्कळ आहेत. करा, माझी हरकत नाही. पण पैसा एकाच कामापुरता असेल, तर तो पहाटे डबा घेऊन निघणाऱ्याच्या चाकाखाली पडला पाहिजे.

बसथांबा

तळमळ पोचली, पण मी विरोधात आहे.

तुम्ही गडी माणसाचा हिशेब मांडलात. त्या वसाहतींत निम्म्याहून जास्त कष्ट बायकांचे. माझी मावशी विडी वळते, वय 54. दिवसभर मांडी घालून, सूप मांडीवर. गुडघे गेलेत. ती सायकल मारणार? तयार विड्या कारखान्यात द्यायच्या, छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघतेय ते उभं राहून बघायचं, पानं-तंबाखू घेऊन परत यायचं. तिला बस पाहिजे, वेळेवर, आणि बसायला जागा पाहिजे. आज ती शेअर रिक्षात एका कुल्ल्यावर बसून येते.

पैसा एकाच कामापुरता असेल असं तुम्हीच म्हणता. मग तो बसला द्या. बसमध्ये गडी बसतो, बाई बसते, म्हातारं बसतं, पोरगंही बसतं. सायकलवर धडधाकट माणूसच बसतो.

साइट_इंजिनिअर

रस्त्याच्या कामात 16 वर्षं काढली, म्हणून स्पष्ट लिहितो.

पुणं बघा. एके काळी सायकलींचं शहर म्हणून नाव होतं. बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या स्वतंत्र मार्गिकांबरोबर, सायकल ट्रॅक झाले, 2017 मध्ये मोठा सायकल आराखडा झाला, भाड्याच्या सायकली आल्या. भाड्याच्या सायकली थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. ट्रॅकवर कुठे गाड्या लागल्या, कुठे हातगाड्या, कुठे मध्येच विजेची डीपी आणि झाड. तिथे महापालिकेकडे पैसा होता. इथे रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, वसाहत कुंभारीच्या हद्दीत, पुढचं शहर महापालिकेचं. तीन धनी. ट्रॅकवर वेडी बाभूळ वाढली तर ती तोडायची कुणी? पहिल्या पावसानंतर काट्यानं रोज पंक्चर निघतील आणि माणसं परत पांढऱ्या पट्टीवर येतील.

आणि पेव्हर ब्लॉक घालणार असाल तर आधीच थांबा. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन वर्षांत ब्लॉक वरखाली होतात, त्यावरून सायकल चालवणं म्हणजे जात्यावर बसणं.

कापडवाला

एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे, टॉवेलचं. कामगारांबद्दल मला कळकळ आहे, हे आधी सांगतो. माझ्याकडची तरुण पोरं सायकलवर येत नाहीत. हप्त्यावर मोटरसायकल घेतात, आणि का घेऊ नये? बापानं सायकल मारली म्हणून पोरानं मारायची का? तुम्ही जी सोय मागता ती मागच्या पिढीची आहे. शिवाय युनिटच्या तोंडासमोरून ट्रॅक गेला की सुताच्या गाड्या आत कशा घ्यायच्या?

जॉबर_साखरपेठ

कापडवालेसाहेब, पोरगं मोटरसायकल हौसेनं घेतं हे अर्धंच खरं. मी 31 वर्षं मागाचं जॉबिंग, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवायचं काम केलं, कितीतरी पोरं बघितली. पहिला हप्ता पगारातून, दुसरा उचलीतून. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. पाच-सहा किलोमीटरसाठी हा खर्च तो करतो, कारण त्या रस्त्यावर सायकल मारायला बायको त्याला सोडत नाही. भीतीपोटी घेतलेली गाडी आहे ती. हौसेची असती तर मी बोललो नसतो.

सुताच्या गाडीचं म्हणाल, तर ट्रॅक गेटपाशी खाली उतरवायचा नाही, त्याच उंचीवर सरळ न्यायचा. ट्रकनं उंचवट्यावर चढून आत यायचं. वेग आपोआप कमी होतो आणि सायकलवाल्याला प्रत्येक गेटवर उतार-चढ लागत नाही.

इंजिनिअरसाहेब, पेव्हरचं शंभर टक्के मान्य. डांबरच पाहिजे, पायाला मुरूम नीट दाबून. पण तीन धनी आहेत म्हणून काम सोडायचं, हे मला पटत नाही. चौपदरी रस्ता झालाच ना? तेव्हा कुणी विचारलं नाही की दुभाजकातलं गवत कोण काढणार. 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच लिहिलंय की रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांना धरून वाटायची. धोरण होऊन किती वर्षं झाली मोजा.

उन्हाची_झळ

एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42-43 ला सहज जातो. भर दुपारी सायकल मारायला लावणं हा जुलूम आहे. आधी झाडं लावा, पाच वर्षं जगवा, मग ट्रॅकचं बोला.

घरकुलवाली

मी गोदूताई नगरात राहते. सगळं वाचलं. इथल्या बाईला काय पाहिजे ते तिला विचारायचं सोडून सगळे तिच्या वतीनं बोलूलालेत, म्हणून लिहिते.

बसथांबा दादा, तुमच्या मावशीसारखीच माझी आई. तिला बस पाहिजे, हे खरं. पण माझ्या घरात तिघी आहेत. आई विडी वळते. मी शिलाई करते. पोरगी नववीला आहे, तिच्याकडे सायकल आहे. ती सायकल वसाहतीच्या आत चालते. हायवेच्या तोंडापर्यंत आली की मी सांगितलंय, खाली उतर, हातात धरून चाल. पलीकडे जायचं तर आधी उजवीकडे बघ, मग दुभाजकात थांब, मग डावीकडे बघ. दुभाजकात ती आणि सायकल दोन्ही मावत नाहीत. मागचं चाक रस्त्यावर राहतं. मी एकदा तिच्याबरोबर उभी होते. ट्रक गेला तेव्हा वाऱ्यानं चाक हललं. त्या दिवसापासून ती शेअर रिक्षानं जाते, रोजचे पैसे देऊन.

जॉबर काका, तुमचा लांब रस्ता होईल तेव्हा होईल. मला आधी तो एक ओलांडा नीट करून पाहिजे. दुभाजकात सायकल आडवी मावेल एवढी जागा, आणि अलीकडे गाड्या हळू होतील असं काहीतरी. आणि दिवा. संध्याकाळी सातला थंडीत काळोख असतो, शिलाईवरून सुटलेल्या बायका तिथूनच चालत येतात. त्यांच्या हातात सायकल नाही, पण ओलांडा त्यांचाही तोच.

उन्हाचं म्हणाल तर पाळीचा माणूस दुपारी नसतोच रस्त्यावर. सकाळी जातो, दिवस कलल्यावर येतो. झाडं लावाच, पण कडुनिंब लावा. शोभेची नकोत.

साइट_इंजिनिअर

ताई, हे तुम्ही नेमकं सांगितलंत. याला माझा विरोध नाही. साध्या सायकलची लांबी पावणेदोन-दोन मीटर धरतात. दुभाजकातला थांबा अडीच मीटर खोल पाहिजे. दुभाजक तेवढा रुंद नसेल तर रस्ता तिथे थोडा बाहेर वळवावा लागतो. हे होण्यासारखं आहे, लांब ट्रॅकच्या मानानं खर्च किरकोळ. पण महामार्गाकडे अर्ज गेला की पहिला प्रश्न येतो, ओलांडणारे किती? 2011 च्या जनगणनेत कामाला कसं जाता हे विचारलं होतं, पण तेव्हा रायनगर नव्हतंच. आकडा आपल्यालाच काढावा लागेल.

लांब ट्रॅकबद्दल माझं मत अजून तेच आहे.

जॉबर_साखरपेठ

ताई, मी चाळीस वर्षं सायकल मारली, पण बापईगड्याच्या नजरेनंच रस्ता बघितला. ओलांडा आधी, मान्य. लांब रस्त्याचं मागणं मी सोडत नाही, ते मागोमाग येऊ द्या. आकडा काढायला मी येतो. सकाळी सहा ते आठ, आठवडाभर.

बसथांबा

मोजणार असाल तर नुसत्या सायकली मोजू नका. शेअर रिक्षात कोंबलेल्या बायका मोजा, थांब्यावर वाट बघणाऱ्या मोजा. नाहीतर तुमचा आकडा सायकलचाच निघेल आणि बस परत मागे पडेल. माझा विरोध त्यालाच आहे.

घरकुलवाली

दादा, मग तुम्हीच या. तुम्ही थांब्यावर उभे राहा, काका ओलांड्यावर. पोरीची वही आहे, तिनं रकाने आखलेत: सायकल, पायी, रिक्षा, बस. मोटरसायकलचा रकाना ती विसरली होती, तो मी घातला. सोमवारी सहाच्या आधी या, पहिली पाळीवाली माणसं पावणेसहालाच निघतात.