पाताळेश्वरच्या दीपोत्सवातील छायाचित्रे पुसट का येतात?

प्रश्न:
गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्यात छायाचित्रे काढली. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिमी लेन्स, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ८०० आणि शटर (ते उघडे राहण्याचा वेळ) १/१५ सेकंद ठेवले होते. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा चालू असूनही पणत्या लावणाऱ्यांचे हात आणि चेहरे पुसट आले आहेत. नवी लेन्स घ्यावी, की माझेच काही चुकते आहे?

उत्तर १:
खर्च करण्याआधी तीच छायाचित्रे संगणकावर मोठी करून नंदीमंडपाचे खांब पाहा. खांब रेखीव असून हात पुसट असेल तर माणूस हललेला आहे. खांबही पुसट असून ज्योती एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे. चेहऱ्याऐवजी मागची भिंतच स्पष्ट असेल तर फोकस चुकला आहे. कंपनरोधक यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्याचा हात थांबवत नाही. त्यासाठी मी शटर किमान १/१२५ सेकंदाइतके जलद ठेवतो. त्यामुळे प्रकाश सुमारे आठपट घटतो. त्यापैकी चौपट आयएसओ ३२०० केल्याने भरून निघतो आणि उरलेली तूट झूम न करता १८ मिमीवरच राहून दोन पावले पुढे गेल्याने, कारण आपली लेन्स तिथे बहुधा एफ/३.५ इतकी उघडते, तर ५५ मिमीला एफ/५.६ इतकीच (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). चित्र थोडे रवाळ होईल, पण रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढल्यास ते नंतर बरेच सुधारते.

उत्तर २:
पुढेमागे लेन्स घ्यायचीच झाली तर ५० मिमी एफ/१.८ पाहावी, एफ/५.६ च्या तुलनेत ती नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. मात्र जवळून काढताना डोळा स्पष्ट आणि कान पुसट, अशी गत होते, म्हणून फोकसचा बिंदू स्वतः निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवावा. ट्रायपॉड केवळ पणत्यांच्या रांगांसाठी उपयोगी, आणि तोही तिथे चालेल का हे आधी विचारून न्यावा. (गर्दीत त्याच्या पायांना लोक अडखळतात, हे वेगळेच.)

प्रश्नकर्ता:
खांब तपासले. १८ मिमीच्या छायाचित्रांत ते स्पष्ट आहेत, ५५ मिमीच्या छायाचित्रांत मात्र तेही हललेले आहेत.

उत्तर १:
म्हणजे दुखणी दोन आहेत. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराच्या सेन्सरवर) ५५ मिमीला, यंत्रणेची मदत न धरता, साधारण १/८० सेकंद लागते; तिची मदत मिळूनही १/१५ ला हात स्थिर लागतोच. कोपरे अंगाशी धरा, आणि बटण अर्धे दाबून दृश्य स्थिरावल्यावरच पुढे दाबा.